पाणी इथवर

तळमजल्यावरच्या चित्रकार बाईंनी जिन्याच्या भिंतीवर निळीशार लाट रंगवायला घेतली आणि ती थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पृथ्वी अशीच तापत राहिली, तर पाणी इथवर!’

चौथ्या मजल्यावरच्या काकांचा एसी दिवसरात्र घरघरत असायचा. लाट बघून त्यांना हसू आवरेना. "बाई, रंग फुकट घालवलात. मी पडलो चौथ्यावर! माझा अंगठासुद्धा भिजायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. काकांनी दार उघडलं, तर समोर मोजायची टेप घेऊन चित्रकार बाई आणि त्यांच्यामागे खालची झाडून सगळी बिऱ्हाडं.



"काका, तुमचा सोफा तेवढा सरकवा. कुणाचं कपाट कुठे बसेल, ते आत्ताच मापून ठेवतो."