तणसाचे धुरे

पार्किन्सनच्या आजाराने सुखरामबाबांचे पाय चालताना जमिनीला खिळायचे. अडखळून पडू नयेत म्हणून शकुनबाईंनी खाट, पाट, घागरी हलवून घर मोकळं केलं, तरी नवरा दारापर्यंत पोचेना. आज घरी तपासायला आलेल्या हर्षा सिस्टरने त्याच जमिनीवर धानाच्या तणसाच्या, वाळल्या पेंढ्याच्या, आडव्या ओळी घातल्या. “काहून पसारा करून राहिल्या जी? पडन ना मानूस!” शकुनबाई कडाडल्या. “मोकळ्या जागीच पाय अडते, आजी. पुढं ओलांडाले काही असलं का उचलते.” हर्षाने बाबांच्या कमरेला दुपट्टा बांधून घट्ट धरला. “बाबा, हे बांधीचे धुरे समजा. चला, धानाचं पानी पाहून येऊ.” शेताचा बांध ओलांडावा तसा बाबांनी पाय उचलला. एक धुरा, दुसरा, तिसरा. दाराअलीकडे तणस संपलं. शकुनबाईच गोठ्याकडे धावल्या. मूठभर तणस घेऊन परतल्या, तर बाबा न घातलेला धुरा ओलांडून अंगणात उभे! म्हणाले, “थे बैलाले टाक.”