दवाखान्याची राखण

ताईनं पुन्हा 'नंतर आठवण करा' दाबलं.

इकडे घरी त्यानं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. त्यानं अपडेटची चौकट पुढे करायची, आणि दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या ताईनं ती माशी हाकलावी तशी हाकलायची.

तिकडच्या कॉम्प्युटरच्या माइकमधलं बोलणं त्याला हेडफोनमध्ये ऐकू येत होतं.

"मॅडम, ते परत विचारतंय. कॉम्प्युटर बंद करून चालू करू का म्हणून."

"अगं, आत्ता? मास्तर तोंड वासून बसलेत, त्यांच्या दाढेचा फोटो स्क्रीनवर आहे. काय मास्तर, मधेच थांबवू का?"

खुर्चीतल्या म्हाताऱ्या मास्तरांना 'आं' सोडून काही बोलता येत नव्हतं.

"बघ, नको म्हणतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई खुदकन हसली.

तोही हसला. दोघी त्याला मनापासून आवडायच्या. बाई पेशंटला बोलण्यात गुंतवून कधी सुई टोचायच्या ते कळायचंही नाही. ताई दिवसभर गुणगुणायची, सुरात नसलं तरी. पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की दोघींचं एकच पालुपद. चालतंय ना, मग कशाला हात लावा?

हा दवाखाना त्याच्या हाती आला तेव्हा कॉम्प्युटरची अवस्था दार सताड उघडं टाकून माणसं गावाला गेलेल्या घरासारखी होती. आत वर्षानुवर्षांचे पेशंट, त्यांचे एक्स-रे, पत्ते, फोन, कुणाला शुगर, कुणाला आणखी काय. आणि पासवर्ड काय, तर दवाखान्याचंच नाव! त्यानं गाजावाजा न करता एकेक भोक बुजवत आणलं. कुणी शाबासकी दिली नाही. त्यालाही ती नको होती.

आज सकाळी तिथल्या सॉफ्टवेअरमधलं नवीन भोक जाहीर झालं. ते बुजवणारं अपडेटही कंपनीनं लगेच काढलं. यातली गोम अशी, की अपडेट निघालं की भोक नेमकं कुठंय ते चोरांनाही कळतं. मग नुसती शर्यत. आधी कडी लागते की आधी चोर पोचतो.

आणि चोर पोचला होता. कुणीतरी बाहेरून दार चाचपत होतं, ते त्याला समोर दिसत होतं. एकदा इकडून, एकदा तिकडून. तो आत शिरला की फायली गेल्या. इकडची इतक्या महिन्यांची मेहनतही मातीत.

"राजे, जेवायला येताय की ताट तिथंच आणू?" आत्या दारात उभी होती.

"पाच मिनिटं, आत्या."

"तुझी पाच मिनिटं मला पाठ आहेत. भाताचा दगड होतो तोवर. एवढं काय पेटलंय?"

"एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरायला बघतोय. अपडेट झालं की थांबेल. पण तिथली ताई करूच देत नाही."

"मग फोन करून सांग ना तिला."

"फोन नाही करता येत."

"का? तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"कोण ऐकणार माझं? मी कोण त्यांचा?"

"हेच! राबणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. एवढा जीव टाकतोस, तुझं नाव तरी ठाऊक आहे का त्यांना?"

"नाही ठाऊक तेच बरंय."

"भिडस्त मेला. बापावर गेलायस," म्हणत आत्या वळली.

कॉम्प्युटर बंद करून चालू करणं त्याच्या हातात होतं. विचारायचीही गरज नव्हती. बोट कळीवर टेकलं. पण मास्तरांची दाढ अर्धी कोरलेली. स्क्रीन अचानक काळी झाली आणि बाईंचा हात बिचकला तर? त्या म्हाताऱ्याचं वाईट करून आपण काय कमावणार?

त्यानं बोट उचललं. दार चाचपणारा थांबला नव्हता. हा नुसता बघत राहिला.

"हं, चूळ भरा मास्तर."

"बाई," मास्तरांना वाचा फुटली, "दाढ भरलीत का माझी बोलती बंद केलीत? फायदा घरच्यांचाच, फीही त्यांच्याकडूनच घ्या!"

हशा झाला. मास्तर गेले. मग बाईंचा आवाज आला, "चल गं, दोन घास खाऊन घेऊ."

खुर्ची सरकली. त्यानं कळ दाबली.

हेडफोन मुका झाला. संपर्क तुटला. आता तिकडे नुसतं वर्तुळ फिरत असणार, आणि इथून काही करता येण्यासारखं नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती. त्यानं डोळे मिटले.

मग एकदम ताईचं गुणगुणणं ऐकू आलं. कॉम्प्युटर उठला होता. बाहेरच्यानं पुन्हा धक्का मारून पाहिला. दार हललं नाही. थोड्या वेळानं तो निघून गेला.

"मॅडम, हे बघा! आपण जेवत होतो तेवढ्यात अपडेट झालंसुद्धा. आपोआप!"

"बरं झालं बाई. कुणीतरी आपली काळजी घेतंय म्हणायचं."

त्यानं मोठा श्वास सोडला. आज निभावलं. पण रोज कोण निभावणार? उद्या दुसराच कुणी आधी घुसला तर हात चोळत बसावं लागेल. जे करायचं ते आजच. दुपारच्या पेशंटना अजून वेळ होता, कुणाचं तोंड उघडं राहणार नव्हतं. त्यानं सगळ्या फायली स्वतःकडे उतरवून घेतल्या, तिकडच्या फायलींना कुलूप घातलं, आणि ज्या दोघींनी त्याला कधी बोलावलंच नव्हतं त्यांच्या स्क्रीनवर मजकूर पाठवला: 'घाबरू नका. तुमच्या सगळ्या फायली माझ्याकडे सुखरूप आहेत. परत हव्या असतील तर पैसे कुठं पाठवायचे ते खाली लिहिलंय.'