घाटघरच्या गाडीचा ब्लोअर

"ब्लोअरची मोटारच गेली असंल," गेणभाऊ म्हणाले. "तू बघ. होत न्हाई म्हणलास तरी माझा राग न्हाई."

शाहनवाजला नवल वाटलं. जुन्नरात गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, पण दुरुस्तीआधीच अशी सूट कुणी दिली नव्हती. घाटघरच्या वाडीत चारचाकी एकच, गेणभाऊंची. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की लोक त्यांच्या दारात येत, आणि दारात आलेल्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. नियम मात्र कडक. ब्लोअर चालत नसेल तर धुक्यात गाडी काढायची नाही, काचेवर आतून वाफ धरते.

"तवर च्या घेतो," म्हणत गेणभाऊ समोरच्या टपरीवर गेले. चष्म्याच्या मोडक्या दांडीला काळी टेप होती, पुन्हा सोडवायला सोपी जावी म्हणून टोक दुमडलेली. म्हातारा पहिल्यापासून टापटिपीचा. त्यांची बायको सोनीबाई गाडीपाशीच थांबल्या.

शाहनवाजने फ्यूज पाहिला. शाबूत. स्विचला करंट येत होता. मग डॅशबोर्डखाली आडवं होऊन त्याने बॅटरीवरून थेट दोन वायरी मोटारीला लावल्या. मोटार गरगरली आणि जाळीतली धूळ सोनीबाईंच्या लुगड्यावर उडाली.

"मावशी, मोटार ठणठणीत!"

"बंद कर आधी ती." सोनीबाईंनी टपरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हात जोडते तुला. त्यास्नी सांग, दुरुस्त होत न्हाई."

"का वो?"

"दिसत न्हाई त्यास्नी. मागल्या पंधरवड्यात भर दुपारी बाळंतीण घिऊन निघालो, तर चाक पार कडंला गेलं. हे म्हणले, ब्लोअर बंद पडला, काचंतनं दिसंना. आरं, गरम वारं माझ्या पायाला लागत व्हतं तवा! आजबी येताना म्हस आली, येष्टी आली, समदं मीच सांगत आले. डोळं गेलं असं तोंडानं म्हणायचं न्हाईत. आन् कुणी बोलवाया आलं की निघालेच. एक दिवस चौघांना घिऊन दरीत जातील, बाबा."

चांगल्या पार्टला खराब म्हणायचं नाही, ही शाहनवाजला अब्बांची शिकवण होती. मोटारीच्या वायरीचा प्लग कुणीतरी मुद्दाम काढून ठेवला होता, हे त्याला मघाशीच दिसलं होतं. प्लगवर काळी टेप नीट गुंडाळलेली, टोक दुमडलेलं. आता त्याला उलगडा झाला. मावशी दिसते साधी, पण पोचलेली आहे.

गेणभाऊ आले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"काय म्हणती?"

"मोटार जळलीय, भाऊ." शाहनवाजने मान वर केली नाही. "ह्या गाडीचा पार्ट आता मिळत न्हाई."

"कुठंच?"

"कुठंच न्हाई."

गेणभाऊंनी लांब श्वास सोडला. "मग धुक्यात काढता यायची न्हाई."

"न्हाईच."

"तसं चिठ्ठीवर लिहून दे. गावात लोक इच्यारत्यात."

शाहनवाजने लिहून दिलं. गेणभाऊंनी ते वाचलं नाही. चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि खिशावर दोनदा थोपटलं.

"गाडी ऱ्हाऊ दे हितंच. गिऱ्हाईक आलं तर दिऊन टाक. आमाला दोनची येष्टी हाय."

शाहनवाजला स्वतःची लाज वाटली. उभी हयात दुसऱ्यांसाठी घाट उतरलेला माणूस, आणि आपण त्याला तोंडावर फसवलं. त्याला राहवेना, म्हणून तो दोघांना पोचवायला स्टँडवर गेला. गेणभाऊ हाताने चाचपत बाकावर बसले. चेहरा मात्र कधी नव्हे इतका निवांत होता.

शाहनवाज सोनीबाईंच्या कानाशी वाकला. "माझं मन खातंय, मावशी. पण तुमी प्लग काढलात तो लई सफाईनं. टेपचं टोकसुद्धा दुमडलंत."

सोनीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"कसला प्लग? मला तर त्या गाडीचं दारबी धड उघडता येत न्हाई."