जाकिटाची चेन

राखीव जिम्नॅस्टनं जाकीट घालून बाकावर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. हे काम ती इतकं इमानेइतबारे करायची की कोच गमतीनं तिला ‘बाकाची राणी’ म्हणायचे. अंतिम फेरीआधीच्या सरावात तिची जिवलग मैत्रीण बीमवरून उडी घेताना पडली. सगळे धावले. बाकाच्या राणीचा हात मात्र आपसूक गळ्याशी गेला आणि जाकिटाची चेन सर्रकन खाली आली. मैत्रीण मॅटवरून तिच्याकडेच बघत होती. मैत्रिणीच्या जागी ती खेळली, जराही डगमगली नाही. संघाला पदक मिळालं. “संधीचं सोनं केलंस पोरी!” कोच म्हणाले. संध्याकाळी दोघींच्या खोलीत मैत्रीण प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसली होती. तिनं हिचं पदक हातात घेऊन मनापासून कौतुक केलं. मग हिच्या जाकिटाची उघडी चेन हळूच गळ्यापर्यंत लावून दिली. म्हणाली, “तेव्हा मी उठतच होते गं.”