कापडाखालचं फूल

दसऱ्याच्या दुपारी कोराडी कॉलनीच्या क्लबात तिथल्या गड्यानं, धोंडबानं, बिलियर्डच्या टेबलाचं फाटकं कापड स्वतःच उपटून काढलं. संध्याकाळी सायबलोकांचा सामना होता. म्हाताऱ्या चौकीदारानं, दादाजींनी, कापडाखालच्या उघड्या दगडी फरशीवर झेंडूचं एक फूल वाहून हात जोडले.

नवं हिरवं कापड ताणून, चहूकडून खिळे ठोकून झाले आणि धोंडबाच्या ध्यानात आलं. फूल आतच राहिलं होतं.

पण कापड कुठंच फुगलं नव्हतं. त्यानं चेंडू सोडून पाहिला. फुलाच्या जागेवरून तो पाण्यासारखा वाहत गेला.

"आता काहून उघडून राहिला गा?" त्याला पुन्हा खिळे उपटताना पाहून दादाजी म्हणाले.

धोंडबानं खिळे काढून कापड उचललं. फूल तसंच टपोरं होतं. त्याच्या शेजारी दुसरं होतं, दवानं ओलं.

धोंडबानं हळूच पायातल्या चपला काढल्या.