पेटेलोचा वाटा

अकेनेहे रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि वाळूवर मांडलेल्या माशांकडे बघायचं तिने टाळलं.

फलानिकोकाका एकेका घराचं नाव पुकारत होते. होड्यांनी आणलेला मासा या बेटावर कुणा एकाचा नसतो. घरात जितकी डोकी तितका वाटा, मग त्या घरातलं कुणी समुद्रावर गेलेलं असो वा नसो. आज कुपा मासा भरपूर मिळाला होता, माणशी एक अख्खा. म्हणजे कुणाच्या घरात किती माणसं, ते आज सगळ्या गावाला वाळूवर उघडं दिसत होतं.

तिला तेच नको होतं. तिच्या नवऱ्याची, पेटेलोची होडी समुद्रात बेपत्ता झाली त्याला कितीतरी महिने झाले होते. विमान येऊन समुद्रावर घिरट्या घालून गेलं. पाद्रीबाबा मेलेल्यासाठीच्या मिस्साचं, प्रार्थनेचं विचारायला आले, तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. पण पाद्रीबाबांपेक्षा तिला वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याची धास्ती जास्त होती. त्याने एक मासा कमी केला की नवरा मेला. म्हणून ती किनाऱ्यावर फिरकतच नसे. शेजारची सुलिया तिचा वाटा झावळीच्या टोपलीत झाकून आणून द्यायची, आणि अकेनेहे तोंड फिरवून ती टोपली डुकराच्या कुंपणात उपडी करायची. डुकराची चंगळ होती. ती स्वतः खोबऱ्यावर आणि चहावर दिवस ढकलत होती.

आज पहाटे सुलियाच्या सुनेला मुलगी झाली. सुलियाने घरातूनच ओरडून सांगितलं, "मला इथून हलता यायचं नाही. आज तुझा वाटा तूच आण गं बाई!"

"अकेनेहे!" काकांनी पुकारलं.

ती पुढे झाली. वाळूवर दोन कुपे ठेवले होते, शेजारी शेजारी.

तिने पुन्हा मोजले. गावाला काही कळलंय का? दुसऱ्या बेटावरून निरोप आलाय का, आणि तो तिला सांगायचा राहिलाय?

"काका... दोन?"

"तुझ्या घरचे दोनच असतात की. दर वेळी दोनच जातात."

"मी कधी बघितलंच नाही."

"तरीच!" मागून कुणीतरी म्हणालं. "तरीच ते डुक्कर एवढं माजलंय." एकदोघं हसली आणि लगेच गप्प झाली.

"म्हणजे तुम्हांला वाटतं, तो येईल?"

फलानिकोकाकांनी हातातला सुरा वाळूत रोवला. तोंडाने फटकळ माणूस, गोड बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"नाही पोरी. मला नाही वाटत तो येईल."

"मग हा मासा कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणी जन्मलं काय नि कुणी गेलं काय, घरचं माणूस इथं येऊन सांगतं, तेव्हा वाटा बदलतो. तुझ्या घरातलं माणूस कमी करणारा मी कोण? तू आली नाहीस सांगायला. नाही सांगितलंस तरी चालेल. मी आहे तोवर दोन टाकीन, माझ्यामागे जो इथं बसेल तोही टाकेल."

अकेनेहेचे डोळे भरून आले. पेटेलोला आपण एकटीच धरून बसलोय, असं तिला इतके दिवस वाटत होतं. आणि इथे, मासा कमी मिळाला त्या दिवशीसुद्धा, सगळं गाव आपल्या तोंडचा घास तोडून त्याचा वाटा काढत होतं. तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

"एक," ती पुटपुटली.

"आं?" काकांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात धरला.

आता मोठ्याने बोलण्यावाचून सुटका नव्हती.

"माझ्या घरी एकच माणूस आहे, काका."

बायकांपैकी कुणीतरी हुंदका दाबला. काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या कुप्याकडे हात नेला, पण त्यांच्या आधी तिनेच तो शेपटीला धरून उचलला. सुलियाचा मुलगा तेओफिलो आपला वाटा घेऊन माडाच्या बुंध्याशी पेंगत बसला होता. तिने मासा त्याच्या टोपलीत टाकला, तसा तो दचकून जागा झाला.

"मुलगी झाली ना रे तुला? सांगितलंस का इथं?"

तेओफिलोने कपाळावर हात मारला. "विसरलोच की!"

"धन्य आहेस बाबा!" काका ओरडले. "बाप झालास आणि पोरीचा वाटा सांगायचा विसरलास?"

सगळा किनारा हसायला लागला.

"पण तिला अजून दात कुठे आहेत?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"येतील," अकेनेहे म्हणाली.

घरी येऊन तिने चुलीत करवंट्या पेटवल्या. पेटेलोची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली होती, तशीच. घरात दुसरा आवाज नव्हता. तिने मासा साफ केला, दोन तुकडे केले आणि निखाऱ्यांवर ठेवले.

वासाबरोबर डुकराने कुंपणातून नाक बाहेर काढलं आणि ते रोजच्या हक्काने गुरगुरायला लागलं.

"आज नाही रे," ती त्याला म्हणाली. "आज एकच आहे. आणि मला भूक लागलीय."