रोमच्या संध्याकाळी

पार्सिपनीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये पुन्हा एकदा स्लाइड शो होता. गुरुदत्तने भिंतीवर चादर लावली, प्रोजेक्टर सुरू केला आणि आमची एटी-फोरची युरोप ट्रिप नव्या पाहुण्यांना घडवायला घेतली. चर्च, म्युझियम वगैरे त्याने भराभर संपवलं. त्याचा खरा जीव रोमच्या नाइटलाइफमध्ये.

"हा आमच्या हॉटेलसमोरचा चौक. अंधार पडला की काय रंगत चढते सांगू. म्हातारीकोतारीसुद्धा नटूनथटून बाहेर. तिथलं जेवण तेवढं आमच्या ग्रुपला मानवलं नाही, पण रोज हिंडून आलो."

कारंजं, रस्त्यावर मांडलेली टेबलं, अकॉर्डियनवाला, त्याच्याभोवती आइस्क्रीम खात उभा आमचा अख्खा ग्रुप. मी समोशांचा ट्रे घेऊन अंधारात पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत होते.

"पद्मजाकाकू, संध्याकाळच्या एकाही फोटोत तुम्ही नाही," विनीता म्हणाली. लग्न होऊन नुकतीच इकडे अमेरिकेत आलेली मुलगी. "फोटो तुम्ही काढत होता का?"

"हिला कुठला कॅमेरा जमतोय," गुरुदत्त हसला. "हिलाच बाहेर पडायचा कंटाळा."

मी ट्रे खाली ठेवला. त्याला चौकाची स्लाइड परत लावायला सांगितली, चादरीपाशी गेले आणि मागे दिसणाऱ्या हॉटेलवर बोट ठेवलं.



"तिसऱ्या मजल्यावर दिवा लागलेली खिडकी दिसतेय ना, विनीता? ती मी. हॉट प्लेटवर सगळ्या ग्रुपची खिचडी लावतेय."